इलाबाईचा कान

आमच्या लॅबमध्ये दोन गोष्टी रोज साचतात. एक धूळ आणि दुसरे किस्से. धूळ पुसायला सकाळी मावशी येतात. किश्शांना मात्र कोणी हात लावत नाही, त्यामुळे ते वाढतच जातात. चहाला चार जण जमले की कोणीतरी म्हणतंच, "ए वैशू, ती इलाबाईची सांग ना!" मग मी सांगते, आणि समोरचे कॉम्प्युटर वाट बघून बघून झोपी जातात.

आधी आमची ओळख. आमचं कॉलेज भोसरीच्या कारखान्यांना अगदी खेटून आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या म्हणजे आमची कॉम्प्युटर लॅब. तिच्या प्रमुख डॉ. साळवे मॅडम. वायर, सर्किट, सोल्डरिंग हे सगळं इरफानकडे. तो कासारवाडीचा, घरचं गॅरेज आहे, त्यामुळे हातात पाना घेऊनच जन्मलेला! आणि मी वैशाली, मॅडमकडे पीएचडी करते.

आमचं काम काय? रबराच्या कारखान्यात 'मिल' म्हणून एक मशीन असतं. दोन जाडजूड लोखंडी रोल एकमेकांकडे फिरत असतात आणि मधे रबर कणकेसारखं मळलं जातं. माणूस समोर उभा राहून हाताने ते रबर आत सारतो, कापतो, परत सारतो. कधी हातमोजा रबराला चिकटतो आणि रबराबरोबर आत ओढला जातो. पुढचं सांगायला नको. आम्हाला असा कॉम्प्युटर करायचा होता, जो त्या सगळ्या खडखडाटात माणसाची हाक ओळखेल आणि मशीन थांबवेल.

* * *

आपली पोरं संशोधनासाठी परदेशातल्या लॅबमध्ये जातात, हे आपण रोज ऐकतो. पण परदेशातली पोरगी आपल्या लॅबमध्ये? तेही भोसरीला?

फिनलंडहून एलिना नावाच्या एका पीएचडीच्या विद्यार्थिनीचा मॅडमना मेल आला. गोंगाटातून माणसाचा आवाज वेगळा काढणं हा तिचा विषय. तीन महिने यायचं म्हणत होती. आम्हाला वाटलं, पत्ता चुकला असेल. मॅडमनी तिला व्हिडिओ कॉल लावला. आम्ही दोघं मागे उभे. (ती बोलायची इंग्रजीत, मी मराठीतच सांगते.)

मॅडमनी सरळ विचारलं, "तुमच्याकडे एवढे मोठे कॉम्प्युटर आहेत, एवढ्या सोयी आहेत. मग इथे कशाला?"

पलीकडे बराच वेळ काही हालचाल नाही. इरफान कुजबुजला, "नेट गेलं वाटतं."

तेवढ्यात एलिना म्हणाली, "माझ्याकडे सगळं आहे. फक्त गोंगाट नाही."

मॅडम हसायला लागल्या. "मग ये बाई! तो आमच्याकडे पोतंभर आहे!"

* * *

आली. उंच, पिवळेधमक केस, पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये कपड्यांपेक्षा मायक्रोफोन जास्त. तिची एक गंमत होती. काहीही विचारलं की ती गप्प बसायची. मग बऱ्याच वेळाने उत्तर यायचं.

इरफानला गप्प बसणं माहीतच नाही. त्याने विचारलं, "चहा घेणार?" ती गप्प. त्याला वाटलं, ऐकू गेलं नाही. त्याने जरा मोठ्याने विचारलं. ती गप्पच. मग त्याने हाताने कप, बशी, फुंकर असं सगळं नाटक करून दाखवलं आणि ओरडून विचारलं, "चहाऽऽ? टीऽऽ?"

एलिना शांतपणे म्हणाली, "मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. मी विचार करत होते."

मॅडम आतून ओरडल्या, "इरफान, तिला त्रास देऊ नकोस! आपल्या लॅबमध्ये उत्तर द्यायच्या आधी विचार करणारं पहिलंच माणूस आलंय!"

* * *

ती आल्यावर लगेचच आमच्या कामाची पाहणी करायला बाहेरगावचे दोन परीक्षक आले. एकजण जरा तिरके होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, मशीनला लाल बटण असतंच की. दाबलं की बंद. मग हे आवाजाचं खूळ कशाला?"

मॅडम म्हणाल्या, "सर, जरा दोन्ही हात पुढे करता?"

त्यांनी केले. मॅडमनी टेबलावर वाकून त्यांची दोन्ही मनगटं घट्ट धरली.

"आता दाबा बटण."

ते सर मॅडमच्या हातांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "सोडा. पुढचं सांगा."

बाहेर आल्यावर एलिनाने मला विचारलं, "मॅडमना हे लगेच कसं सुचलं?"

मी तिला सांगितलं. मॅडमचे वडील अशाच मिलवर कामाला होते. उजवा पंजा तिथेच गेला. मॅडम तेव्हा पहिलीत होत्या. बाप आणि लेक एकाच पाटीवर लिहायला शिकले, ती उजव्या हाताने आणि ते डाव्याने. पुढे वडिलांचं अक्षर लेकीपेक्षा चांगलं झालं, असं मॅडम स्वतःच सांगतात.

त्या दिवसापासून सकाळी लॅबचं कुलूप एलिनाच उघडायला लागली.

* * *

आमच्या ओळखीचे एक अण्णा आहेत. भोसरीचंच जुनं घराणं. जिथे शेत होतं तिथे आता त्यांचा रबराचा कारखाना आहे, गाड्यांच्या दारांना लागणाऱ्या पट्ट्या तिथे बनतात. डोक्यावर टोपी, पायात स्पोर्ट्स शूज! त्यांनी एलिनाकडे खालून वर पाहिलं आणि नाव विचारलं.

"एलिना."

"इलाबाय व्हय? बरं हाय नाव. या इलाबाय."

तेव्हापासून ती कारखान्यात आणि मग आमच्या लॅबमध्येही इलाबाईच झाली.

आम्हाला माणसांच्या हाका रेकॉर्ड करायच्या होत्या. एलिनाने मिलच्या चारी बाजूंना मायक्रोफोन लावले. मी कामगारांना समजावलं, "हात अडकलाय असं समजा आणि मशीन बंद करायला ओरडा. 'थांब', 'बंद कर', 'हात काढ', काय तोंडात येईल ते." मॅडम बाजूला खुर्चीवर बसल्या होत्या.

पहिला आला संतोष. उदगीरकडचा, लाजरा, पंचविशीतला. त्याने मॅडमकडे पाहिलं, हातातला मोजा काढला, आणि अगदी नम्रपणे मशीनला म्हणाला, "अहो, जरा थांबता का?"

पुढचा म्हणाला, "कृपया बंद करा."

तिसऱ्याने तर नमस्कारही केला!

शेवटी अण्णा वैतागले. "मॅडम, तुमी जरा भाईर बसा बरं. तुमच्याम्होरं ही समदी पोरं शाळंत बसल्यावानी बोलत्याती!"

मॅडम बाहेर गेल्या आणि मग आत जे काही रेकॉर्ड झालं, त्यातलं निम्मं मी एलिनाला भाषांतर करून सांगितलेलं नाही.

त्या कारखान्यात रबरात मिसळायची कार्बनची काळी भुकटी हवेतच असते. संध्याकाळी परत आलो तेव्हा आमच्या कॉलेजच्या वॉचमनने एलिनाला गेटवर अडवलं. "कोण पाहिजे ताई?" तिने आयकार्ड दाखवलं. त्याने फोटो बघितला, तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "ह्या मॅडम सकाळीच बाहेर गेल्यात. अजून आल्या नाहीत."

* * *

हे सगळं रेकॉर्डिंग एलिना दिवसभर कानाला हेडफोन लावून ऐकायची. एकेक हाक शंभरदा. त्यामुळे झालं काय, तिची मराठीची सुरुवात 'नमस्कार, तुम्ही कसे आहात' अशी झालीच नाही. ती झाली 'थांब', 'बंद कर' आणि 'हात काढ' इथून!

एकदा ती शेअर रिक्षाने कासारवाडीला इरफानच्या घरी जेवायला निघाली. मी शेजारी होते, पण फोनवर बोलत होते. उतरायची जागा आली तशी तिला वाटलं, आपण स्वतः सांगू. ड्रायव्हरच्या कानाशी जाऊन, कारखान्यातल्या अस्सल सुरात, बाई ओरडल्या, "बंद कऽऽर! हात काऽऽढ!"

त्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला आणि दोन्ही हात वर केले. मागून एक टेम्पो शिव्या देत गेला. ड्रायव्हर हात वर ठेवूनच माझ्याकडे वळला.

"ताई, मी काय केलं?"

* * *

एलिनाला स्वच्छ आवाजही हवा होता. म्हणजे आजूबाजूला काहीही नसताना रेकॉर्ड केलेला, गोंगाटाशी तुलना करायला. "मला एक शांत खोली पाहिजे," ती म्हणाली.

शांत खोली! भोसरीत!

लायब्ररीत गेलो, तिथे पंखा कुरकुरत होता. ऑडिटोरियममध्ये गेलो, बाहेर ढोलाचा सराव. इरफान म्हणाला, "देहूला जाऊ, नदीकाठी शांत असतं." गेलो. इंद्रायणीच्या काठी खरंच छान वाटत होतं, एलिनाने मायक्रोफोन बाहेर काढला, आणि घाटावर एका मंडळाने टाळ काढले. एलिनाने मायक्रोफोन बाजूला ठेवला आणि मांडी घालून भजनाला बसली. संध्याकाळपर्यंत हलली नाही. रेकॉर्डिंग शून्य!

शेवटी मॅडमनी उपाय काढला. लॅबच्या मागे सामान ठेवायची खोली होती. मॅडमनी घरून गोधड्या आणल्या, शेजारणींकडून मागून आणल्या, आणि भिंती, दार, छत सगळं गोधड्यांनी मढवून टाकलं. आत शिरलं की आपला श्वास आपल्याला ऐकू यायचा. एलिना आत उभी राहून डोळे मिटून म्हणाली, "घरी आल्यासारखं वाटतंय."

दोन दिवसांनी मॅडमच्या आई स्वतः गोधड्यांची चौकशी करायला आल्या. आत डोकावल्या. भिंतीवर आपलीच जुनी लुगडी पाहिली. बराच वेळ निरखत उभ्या राहिल्या.

"सगळं बरोबर आहे गं," त्या लेकीला म्हणाल्या. "पण एवढ्या गोधड्या लावल्या, आणि झोपत कोणीच नाही?"

* * *

काम पुढे सरकत होतं, पण एलिना खूश नव्हती. कॉम्प्युटर 'थांब' ओळखत होता, 'बंद कर' ओळखत होता. तरी ती हेडफोन काढून म्हणायची, "काहीतरी खोटं आहे."

काय खोटं आहे, ते कळलं इरफानमुळे. तो एका दुपारी सोल्डरिंग करत होता. लक्ष मोबाइलवरच्या क्रिकेटमध्ये. तापलेली सोल्डर गन सरळ अंगठ्याला लागली.

"अम्मीऽऽऽ!"

मी टूथपेस्ट शोधायला धावले. एलिनाने तोपर्यंत त्याचा हात धरून नळाखाली नेला होता. पाणी सोडलं. त्याचा चेहरा जरा निवळल्यावर तिने विचारलं,

"तू 'थांब' का नाही म्हणालास?"

"काय?"

"दुखलं तेव्हा. तू 'थांब' म्हणाला नाहीस. 'बंद कर' पण नाही."

मॅडम दारात येऊन उभ्या होत्या. त्या तिथेच स्टुलावर बसल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "आपण इतके दिवस चुकीचा शब्द शिकवतोय!"

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन नवीन प्रश्न विचारला. मशीनला काय सांगाल ते नको. दुखलं तर तोंडातून काय निघतं ते सांगा. कोणी म्हणालं 'आई गं', कोणी 'माई रे', कोणी 'अम्मा'. अण्णा म्हणाले, "आमी म्हनतो 'आय आय आय'. दुसरं काय म्हननार?"

परत येताना स्कूटरवर माझ्यामागे बसून एलिना म्हणाली, "वैशाली, सगळ्यांनी एकाच माणसाला बोलावलं."

* * *

एलिनाने फिनलंडमध्ये वर्षभर खपून जो प्रोग्राम लिहिला होता, तो त्यांच्या भल्यामोठ्या कॉम्प्युटरसाठी होता. आमच्या मशीनवर टाकला की आमचं मशीन हाय खायचं. ती म्हणाली, "मी इथून तिकडच्या कॉम्प्युटरवर चालवू शकते. नेट असलं की झालं."

मॅडम म्हणाल्या, "आणि अण्णांचं नेट गेलं त्याच वेळी कोणाचा हात गेला तर?"

एलिना नेहमीसारखी गप्प. पण त्या दिवशी उत्तर आलंच नाही. ती खोलीवर निघून गेली. मला वाटलं, दुखावली.

सकाळी आली तेव्हा डोळे सुजलेले होते. मॅडमसमोर उभी राहिली. "मी अर्धा प्रोग्राम फेकून दिला."

मॅडमनी तिच्याकडे मायेने पाहिलं. "शाब्बास. आता उरलेल्यातला अर्धा."

असं करत करत, राव, तिने वर्षभराचं काम स्वतःच्या हाताने छाटलं. कोणाला दाखवायला नाही, कोणी पाठ थोपटावी म्हणून नाही. छोट्या, तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर ते मावलं तेव्हाच थांबली. माझा माझ्या एका ओळीवरही एवढा जीव असतो की खोडायच्या आधी मी तिची कॉपी ठेवते. ही बाई पानंच्या पानं उडवत होती!

तो तळहाताएवढा कॉम्प्युटर कार्बनच्या भुकटीपासून वाचवायचा होता. इरफानने स्टीलचा जेवणाचा डबा घेतला, झाकणाला रबर लावलं, मायक्रोफोनपुरतं भोक पाडलं, आणि मिलच्या शेजारी खांबावर टांगला. वायर मिलच्या ब्रेकला जोडली, तो लागला की रोल थांबून जरासे उलटे फिरतात.

अण्णांनी डब्याभोवती एक फेरी मारली.

"ह्यात काय हाय?"

"अण्णा, कान आहे."

"कान हाय व्हय," अण्णा म्हणाले. "मग भाकर कुठं ठेवली?"

* * *

डबा लावला आणि तासाभरात मिल थांबली. आम्ही सगळे धावलो. कोणालाही काही झालं नव्हतं. परत सुरू केली. परत थांबली. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा अण्णांनी आम्हाला बाहेरचा रस्ता दाखवायची तयारी केली होती.

एलिना डोळे मिटून कोपऱ्यात उभी राहिली. मग सरळ चालत गेली ती संतोषकडे. त्याची जेवणाची सुट्टी चालू होती, खांबाला टेकून तो गावाकडे फोन लावून बोलत होता.

"हां आई. काय करलालीस? जेवलो की आई. आई, पोटभर जेवलो म्हणलं की!"

दर 'आई'ला मिल बंद!

अण्णा कपाळाला हात लावून म्हणाले, "आरं संतोष, तुझ्या आयला म्हनावं, धंदा चालू दे आमचा!"

त्यानंतर एलिनाने जे केलं त्याला माझा सलाम. तिने कामगारांची परवानगी घेतली आणि त्यांचे घरचे फोन ऐकत बसली. भाषा कळत नव्हती. फक्त एक शब्द ऐकायचा. लाडातली आई, कंटाळलेली आई, घाईतली आई, पैसे पाठवलेत म्हणून सांगतानाची आई, तब्येत विचारतानाची आई. सगळ्या वेगळ्या लावून ठेवल्या. कॉम्प्युटरला शिकवलं की ह्यातल्या एकीलाही थांबायचं नाही. भीतीतली आई आली, तरच, मग शब्द कुठलाही असो.

पुढच्या आठवड्यात संतोष खांबाला टेकून अर्धा तास आईशी बोलला. मिल चालूच होती. अण्णा त्याच्याकडे बघत उभे होते. शेवटी म्हणाले, "आता मशीन थांबंना, तर ह्योच थांबंना झालाय!"

* * *

आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना हे कळलं. त्यांना डेमो पाहिजे झाला. फोटोग्राफर, हार, सगळा लवाजमा घेऊन अण्णांच्या कारखान्यात आले. इरफान जाणकार माणूस. तो एलिनाला हळूच म्हणाला, "मी टेबलाखाली एक बटण ठेवतो. साहेब ओरडले की मी दाबतो. कोणाला कळणार पण नाही."

एलिनाने विचारही केला नाही. "नाही."

अध्यक्ष मिलसमोर उभे राहिले. पोशाख पांढराशुभ्र, हात मागे बांधलेले. घसा खाकरला आणि भाषणाच्या आवाजात म्हणाले, "आई गं!"

मिल चालूच.

"आई गं!" फोटोग्राफरने फोटो काढला. मिल चालूच.

त्यांच्याबरोबर आलेले आमचे प्राचार्य घामाघूम झाले. आम्हाला वाटलं, संपलं सगळं. एलिना पुढे झाली आणि सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाली, "सर, हे तुमच्यासाठी थांबणार नाही. तुम्ही घाबरलेले नाही आहात."

मी भाषांतर केलं. अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. मग त्यांनी फिरणाऱ्या रोलकडे पाहिलं, जरा जवळ गेले, अजून जवळ गेले, आणि दोन पावलं मागे आले.

"बरोबर आहे पोरीचं," ते म्हणाले. "जरा आधी सांगितलं असतं, तर घाबरलो पण असतो!" आणि स्वतःच्या गळ्यातला हार काढून तिच्या गळ्यात घातला.

* * *

आता शेवटचा.

एलिनाच्या जायच्या आधीची गोष्ट. दुपारची वेळ, चहा नुकताच झाला होता. इरफान, एलिना आणि मी अण्णांच्या कारखान्यात निरोप घ्यायला गेलो होतो. अण्णांनी पेढे मागवले होते. एलिना पेढा हातात धरून मिलपासून जरा लांब उभी होती. संतोष मिलवर होता.

त्याचा डावा मोजा रबराला चिकटला. मी पाहिलं. अगदी साधं दिसलं ते, कोणीतरी हळूच हात ओढून घेतल्यासारखं. मशीन थांबवायला गुडघ्याजवळ एक दांडा असतो, पण संतोष रबर कापायला एका बाजूला वाकला होता आणि पाय तिथवर पोचत नव्हता. त्याने मान वर केली. तोंड उघडलं. आवाजच निघाला नाही. मी त्याच्याकडे धावले.

आणि कोणीतरी किंचाळलं.

रोल थांबले. मग जरासे उलटे फिरले. मोजा मोकळा झाला. संतोष मागे धाडकन बसला आणि हाताकडे बघत राहिला. बोटांच्या टोकांची कातडी सोलवटली होती, रक्त येत होतं. पण बोटं होती. सगळी होती. अण्णांनी त्याला लहान पोरासारखं छातीशी धरलं आणि दोघंही रडायला लागले.

इरफानने हात बांधला, गाडी काढली, त्याला दवाखान्यात नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, मलमपट्टीवर भागलं. परत आल्यावर सगळे डब्याखाली जमले. संतोषच म्हणाला, "पण मी नव्हतो वरडलो. माझा आवाजच फुटंना."

मी म्हणाले, "मी पण नाही."

अण्णा म्हणाले, "म्या तर पाठमोरा हुतो."

इरफानने डबा उघडला आणि त्यातलं रेकॉर्डिंग लावलं. आधी मिलची घरघर. मग एक बारीक, फाटलेला, आम्ही कधीच न ऐकलेला आवाज.

"अ‍ॅऽइती!"

आणि मिल बंद झाल्याची शांतता.

"कोन हाय ह्ये?" अण्णा म्हणाले. "आन काय म्हनतंय?"

आम्ही मागे वळलो. एलिना रबराच्या गोणीवर बसली होती. हातातला पेढा मुठीत चुरडून गेला होता.

"मी आहे," ती म्हणाली.

"म्हणजे काय पण ते?" मी विचारलं.

"आमच्या भाषेत," ती म्हणाली, "आई."

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली. तिच्याशेजारी गोणीवर जाऊन बसले.

"इलाबाय, तुझ्या आयला फोन लाव. मला बोलायचंय."

एलिनाने लावला. पलीकडून एका बाईचा आवाज आला. अण्णांनी फोन कानाला लावला आणि चालत बाहेर आंब्याच्या झाडाखाली गेले.

अण्णांना मराठीशिवाय काही येत नाही. तिच्या आईला फिनिशशिवाय काही येत नाही.

अर्धा तास बोलत होते दोघं!